परिचारिकेची झोप : नोंद नसलेला खर्च



औषधे, प्राणवायू, वीज व वेतन यांचा हिशेब आपण या अहवालात दरवर्षी पाहता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र माझा विषय नव्हे. तथापि परिचर्येच्या विद्यार्थिनींचा एक खर्च कोणत्याही वहीत नोंदला जात नाही, हे मला उशिरा उमगले. तो खर्च झोपेचा.

पोहरादेवी परिसरातील तांड्यांतून येणाऱ्या अनेक मुली घरातील पहिल्याच उच्चशिक्षण घेणाऱ्या. घरी गोरमाटी, शाळेत मराठी आणि परिचर्येची पुस्तके बहुतांशी इंग्रजीत. अशी मुलगी मागे पडली की 'हिला झेपत नाही' असा निष्कर्ष आपण घाईने काढतो.

द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने सकाळच्या पाळीत दोन रुग्णांचे तापमान एकमेकांच्या तक्त्यावर लिहिले. वॉर्डाच्या सिस्टरांनी वेळीच पाहिले म्हणून अनर्थ टळला. चौकशी करता कळले, की तिचे आईवडील ऊसतोडीस गेले होते. फडावरून कोपीवर परतून, भाकरी झाल्यावर ते रात्री फोन करीत. बोलणे पाच-दहा मिनिटांचे. परंतु फोन मध्यरात्र उलटेपर्यंत हातातच राही. व्हॉट्सॲपवरील वर्गाच्या टिपणांवरून आपण इन्स्टाग्रामवर केव्हा गेलो, हे तिलाही सांगता येईना.

याबाबत शास्त्र काय सांगते? १८ ते २५ या वयात रोज ७ ते ९ तास झोप हवी. १९२४ साली जेंकिन्स व डॅलनबाख या अमेरिकन संशोधकांनी दाखविले, की पाठांतरानंतर झोप घेतल्यास जागे राहण्यापेक्षा अधिक स्मरणात राहते. म्हणजे झोप हा अभ्यासाचाच भाग होय. १९९७ मधील एका प्रयोगात सलग १७ तास जागलेल्या व्यक्तींचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्यांइतके ढासळलेले आढळले. आपल्याकडे वाहनचालकास मर्यादा ०.०३ टक्के आहे. इंजेक्शनची मात्रा मोजणाऱ्या हातास कोणती मर्यादा लावावी, याचा विचार आपणच करावा.

स्वभावाचाही यात वाटा असतो. चिंताळू मुलगी काळजीने जागते, बोलकी मुलगी गप्पांत जागते, नेटकी मुलगी वेळेवर दिवा मालवते. ऑस्ट्रेलियातील पोरोपाट यांनी २००९ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. स्वभावगुणांपैकी परीक्षेतील यशाशी सर्वाधिक निगडित ठरला तो नियमितपणा व कर्तव्यदक्षता. आणि हा गुण बुद्धिमत्तेहून बराचसा वेगळा आहे. सवयीने तो जोपासता येतो, हीच आशेची बाब.

प्रथम आम्हांस फोन जप्त करावेत असे वाटले. पण त्यासोबत आईचा आवाजही जप्त झाला असता. म्हणून असे ठरले, की रात्री फोन वसतिगृहाच्या सामायिक खोलीत ठेवावेत. घरचा फोन आल्यास तेथे जाऊन निवांत बोलावे. अंथरुणात मात्र फोन नको. रात्रपाळीच्या मुलींस दिवसा झोपण्यासाठी जाड पडद्यांची वेगळी खोली दिली. रामनवमीच्या यात्रेत पाळ्या लांबतात. त्या आठवड्यात चाचणी ठेवू नये, अशी विनंती शिक्षकांस केली.

सदर विद्यार्थिनीचा निकाल अद्याप यावयाचा आहे. तक्त्यावरील प्रत्येक नोंद मात्र ती आता रुग्णाचे नाव विचारून, दोनदा वाचून करते.

रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी मुलींस परिचर्येची वाट मोकळी केली, तेव्हा अडसर समाजाचा होता. आज वाट मोकळी आहे. त्या वाटेवर चालणारीस विश्रांती मिळावी, एवढेच पाहावयाचे आहे. पालकांस नम्र विनंती, की मुलीस शक्य तितक्या लवकर फोन करावा. देणगीदारांस विनंती, की यंत्रसामग्रीच्या यादीत पडदे आणि गाद्याही दिसल्या, तर त्यांस गौण मानू नये. त्यांचा लाभ अखेर खाटेवरील रुग्णासच होतो.

आपला नम्र,
रुग्णालय प्रशासक