थांबलेली सोंगटी, धावते मन

(द्वितीय वर्ष कला)

खेळांचे ढोबळमानाने दोन वर्ग पाडता येतात. कबड्डी, खो-खो, हॉकी यांत समोरचा काहीतरी करतो आणि आपण त्याला झटकन उत्तर देतो. तेथे विचाराला उसंतच नसते. दुसऱ्या वर्गात सोंगटी, चेंडू किंवा लक्ष्य जागच्या जागी थांबलेले असते आणि सुरुवात आपणच करायची असते. कॅरम, नेमबाजी आणि गोल्फ हे या वर्गातले खेळ. वरवर पाहता हे सोपे वाटतात. पण मन सर्वांत जास्त दगा देते ते यांतच. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, त्याच्याशी आपले काय नाते, असे काही वाचकांना वाटेल. माझे मामा चेंबूरच्या गोल्फ मैदानावर कॅडीचे काम करीत, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहत. रविवारी ते घाटकोपरला आमच्याकडे आले की कॅरम मांडला जातो. ते नेहमी म्हणतात, "दोन्ही खेळ सारखेच गं. लांबचा फटका साधतो आणि हातभर अंतरावर माणूस चुकतो."

मोजमापे पाहिली तर या बोलण्याचे आश्चर्य वाटते. गोल्फचा चेंडू सुमारे ४.२७ सेंटिमीटर व्यासाचा आणि भोक १०.८ सेंटिमीटरचे. कॅरमची सोंगटी जास्तीत जास्त ३.१८ सेंटिमीटर, तर पॉकेट ४.४५ सेंटिमीटर. जागा पुरेशी आहे. वारा नाही, अडवणारा कोणी नाही. मग चूक होते कोठे?

याचे प्रसिद्ध उदाहरण १९९९ सालचे आहे. स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे ब्रिटिश ओपन स्पर्धेच्या अखेरच्या होलवर फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्ड तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटक्यांत होल पूर्ण केले तरी विजेतेपद त्याचेच होते. त्याला सात लागले. मध्येच चेंडू ओढ्यात पडला, तेव्हा तो बूट-मोजे काढून पाण्यात उतरला होता. त्यानंतर झालेल्या निर्णायक लढतीत पॉल लॉरी जिंकला. ७१ होल उत्तम खेळलेल्या माणसाचे कौशल्य एका होलवर नाहीसे होत नसते.

मानसशास्त्रज्ञांनी या कोड्याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. १९९२ साली रिच मास्टर्स यांनी गोल्फचा पट, म्हणजे भोकाजवळचा हलका फटका, नवशिक्यांच्या दोन गटांना शिकविला. एका गटाला फटक्याच्या लेखी सूचना दिल्या. दुसऱ्याला सूचना न देता, सराव करताना मनाला येतील ती अक्षरे मोठ्याने म्हणावयास लावली. पुढे दडपण आणल्यावर पहिला गट अडखळला; दुसऱ्याचा खेळ सुधारतच राहिला. २००१ साली सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनीही गोल्फच्या पटवर प्रयोग करून असे मांडले की, दडपणाखाली माणूस अंगवळणी पडलेल्या हालचालींवर पुन्हा पहारा ठेवू लागतो आणि त्यामुळेच त्या मोडतात.

हे समजण्यास प्रयोगशाळा हवीच असे नाही. आई भाकरी थापत असताना तिला विचारावे, "आधी कोणते बोट फिरते?" ती विचार करू लागेल आणि भाकरी फाटेल. हाताला जे येते ते मनाने तपासावयास घेतले की हात अडतो.

मग विचार करूच नये काय? तसे नव्हे. विचाराची जागा फटक्याच्या आधी आहे. कोणती सोंगटी, कोणता कोन, राणी घेतली तर तिला कव्हर कोठून द्यायचे, हे सारे स्ट्रायकर रेषेवर ठेवण्यापूर्वी ठरवावे. एकदा ठेवला की हिशेब बंद.

पण मन रिकामे राहत नाही. त्याला एखादे छोटे काम द्यावे लागते. ते काम डोळ्यांचे. कॅनडातील जोन व्हिकर्स यांच्या अभ्यासात असे दिसले की निष्णात गोल्फपटूंची नजर फटक्यापूर्वी आणि फटका मारताना चेंडूवर अधिक काळ स्थिर असते. नवशिक्याची नजर भिरभिरते. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. 'माझा नेम चुकू नये' असे अर्जुन म्हणत नाही. त्याला स्वतःचा हातही दिसत नाही, हे त्या गोष्टीतले खरे मर्म आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे झालेला फटका सोडून देणे. पतंजलींनी मनाच्या निरोधाला अभ्यास आणि वैराग्य अशी दोन साधने सांगितली. आपण अभ्यास तेवढा लक्षात ठेवतो. खेळाडूचे वैराग्य म्हणजे मागचा फटका मागे टाकणे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत आला. उभ्याने नेम धरण्याचा टप्पा सुरू होताना तो पाचवा होता. शेवटी ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक जिंकले. मागच्या गुणांचे ओझे वाहत कोणी असा वर येत नाही.

हा विषय मी निवडला तो केवळ खेळासाठी नव्हे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. तोंडी परीक्षेत माझ्यासारख्या अनेकींना उत्तर येत असते. पण 'न' आणि 'ण' नीट उच्चारले जातात ना, आपले बोलणे गावंढळ तर वाटत नाही ना, यावर आतून पहारा बसतो. तोंडाशी आलेले उत्तर तेथेच थांबते. मनगटाकडे पाहत बसलेला गोल्फपटू आणि जिभेकडे पाहत बसलेली विद्यार्थिनी यांची अडचण एकच आहे. तेव्हा उच्चारांचा सराव घरी करावा, हवा तितका करावा. परीक्षकांसमोर मात्र लक्ष प्रश्नाकडे असावे. आणि प्राध्यापकांना नम्र विनंती अशी की, अशा वेळच्या शांततेला लगेच अज्ञान समजू नये. थोडा अवधी द्यावा.

सरावावाचून मनाची युक्ती कामी येत नाही, हेही तितकेच खरे. मात्र सराव पुरेसा झाला असेल, तर हातावर आणि जिभेवर विश्वास टाकणे हासुद्धा शिकण्याचाच भाग आहे. आमच्यासारख्यांना तो विश्वास वारशाने मिळत नाही. एकेक सोंगटी घेत तो जमवावा लागतो.