कष्ट जास्त, तरी उत्पादकता कमी कशी?

प्रश्न : देशातल्या शेतीची ‘श्रम उत्पादकता’ बाकीच्या क्षेत्रांच्या जेमतेम चौथाई आहे, असं बातम्यांत ऐकलं. आमच्या घरी हळद शिजवायच्या दिवसांत रात्रीसुद्धा कुकरपाशी माणूस जागा असतो. मग आम्ही कमी काम करतो, असं म्हणायचं आहे का? आणि हा हिशेब मांडतं कोण?
– एक शेतकरी, ता. सेनगाव, जि. हिंगोली

उत्तर : नाही, तसं म्हणायचं नाही. शब्दच असा आहे, की तो ऐकून राबणाऱ्या माणसाला आपल्यालाच बोल लावल्यासारखं वाटावं. पण या आकड्यात घाम कुठेच मोजलेला नसतो. एखाद्या क्षेत्रात वर्षभरात जे नवं मूल्य तयार झालं, म्हणजे तयार झालेल्या मालाच्या किमतीतून बियाणं, खत, डिझेल, वीज असा खर्च वजा जाऊन जे उरलं, त्याला त्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसांच्या संख्येने भागायचं. येणारं उत्तर म्हणजे श्रम उत्पादकता.

तुम्ही ऐकलेली चौथाई घरच्या घरी काढता येते. केंद्राच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या दर १०० कामकऱ्यांपैकी ४६ जण शेती आणि शेतीला जोडलेल्या कामांत होते. त्याच सुमारास देशात तयार झालेल्या दर १०० रुपयांच्या मूल्यात शेतीचा वाटा साधारण १८ रुपयांचा होता. ४६ माणसांत १८ रुपये म्हणजे माणशी ३९ पैसे. उरलेल्या ५४ माणसांत ८२ रुपये म्हणजे माणशी १ रुपया ५२ पैसे. एकाला जवळपास चार पडतात. क्षेत्रवार बारीक हिशेब रिझर्व्ह बँक ‘क्लेम्स’ नावाच्या माहितीसाठ्यात ठेवते. त्यात अर्थव्यवस्थेचे २७ भाग पाडलेले आहेत.

आता ज्या ४६ माणसांनी भागलं, ती मोजली कशी ते पाहू, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे. कामकरी ठरवण्याच्या रूढ पद्धतीत वर्षातला बराच काळ काम करणारा माणूस धरतातच, पण दुय्यम काम म्हणून वर्षात ३० दिवस राबलेला माणूसही धरला जातो. म्हणजे वर्षाचे तीनशे दिवस कारखान्यात जाणारा एक, आणि सोयाबीनच्या पेरणीपासून काढणीपर्यंत मिळून सत्तर-ऐंशी दिवस काम मिळालेला तोही एकच. वसमतकडे येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी असलेल्या रानात ऊस, हळद, गहू, हरभरा असं काही ना काही चालू राहतं. सेनगावकडच्या कोरडवाहू माळावर सोयाबीन निघालं, तूर निघाली, की हाताला काम उरत नाही. तिथला माणूस आळशी नसतो. त्याचं वर्षच लहान असतं. माणसांऐवजी कामाच्या तासांनी भागून ज्या अभ्यासकांनी जगभरच्या देशांचे आकडे तपासले, त्यांना शेती आणि बाकीच्या क्षेत्रांतली दरी कमी झालेली दिसली. ती मिटली मात्र नाही, हेही सांगितलं पाहिजे.

घरच्या बाईचं तर वेगळंच. निंदायला, वेचायला, हळकुंडं वाळवायला ती असते. तिच्या नावावर एक रुपयाही लिहिला जात नाही, पण भागाकारात ती पूर्ण एक माणूस म्हणून येते. येणं योग्यच आहे, ती काम करतेच. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या दर १०० बायकांपैकी जवळपास ७७ शेतीत होत्या.

आता पैशाची बाजू. हिंगोलीच्या बाजारात २०१९-२० च्या सुमारास हळदीचा क्विंटलचा भाव सहा-सात हजारांच्या घरात होता, २०२३ मध्ये तो दुपटीच्या आसपास गेला. शेतकऱ्याची मेहनत तेवढीच, कंद तेवढेच. अशा चढउताराने फसगत होऊ नये म्हणून हिशेबनीस एका ठरावीक वर्षाच्या किमती कायम धरून मोजतात. बरीच वर्षं ते वर्ष २०११-१२ होतं. शिवाय हळद हळकुंडाच्या रूपात बाजार समितीतून बाहेर गेली, की तिचं दळण, पॅकिंग, छाप यांतून वाढणारं मूल्य जिथे गिरणी असेल तिथल्या कारखानदारीच्या खात्यात पडतं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण मानांकनाचं नाव वसमतचं आणि पुडी भरणारे हात दुसऱ्या जिल्ह्यातले, असं राहिलं तर तुमचे ३९ पैसे फारसे हलणार नाहीत.

उलट काही क्षेत्रांचा आकडा फुगलेला असतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाने ‘भाडं दिलं असतं तर किती’ ही रक्कमही राष्ट्रीय उत्पन्नात धरतात आणि ती स्थावर मालमत्तेच्या खात्यात जाते. त्या रकमेसाठी कोणी कामावर जात नाही, त्यामुळे भागायला माणूसच नसतो. तेव्हा त्या क्षेत्राची माणशी उत्पादकता पाहून शेतकऱ्याने खाली मान घालायचं कारण नाही.

दीर्घकाळाचा कल पाहिला तर १९९३-९४ मध्ये दर १०० पैकी ६४ कामकरी शेतीत होते, २०११-१२ मध्ये ४९, २०१८-१९ मध्ये साडेबेचाळीस. माणसं शेतीतून बाहेर पडत होती, आणि मागे उरलेल्यांनी तयार केलेलं माणशी मूल्य वाढत होतं. मग टाळेबंदी आली. पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून मराठवाड्यात डोक्यावर बोचकी घेऊन परतलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. २०१९-२० चा आकडा साडेपंचेचाळीसवर गेला, आणि २०२३-२४ मध्येही तो ४६ होता. पुरुष बरेचसे परत गेले, शेतीत नव्याने मोजल्या गेल्या त्या मुख्यतः बायका. अर्थशास्त्रात ज्याला विकास म्हणतात त्याची दिशाच काही वर्षं उलटी झाली, आणि याची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झालेली नाही.

शेती सोडलेला माणूस गेला कुठे, हेही बघा. कारखानदारीचा रोजगारातला वाटा शेकडा ११-१२ वरच अडकून आहे. बांधकामाचा मात्र २००४-०५ मध्ये शेकडा ६ च्या आसपास होता, तो आता १२ झाला. बांधकाम देशाच्या दर १०० रुपयांच्या मूल्यात साडेआठ रुपयांच्या आसपास भर घालतं, म्हणजे माणशी सत्तर पैसे. हिंगोलीचा पोरगा पुण्यात सेंट्रिंगच्या कामाला लागला, की तो ३९ पैशांच्या खात्यातून ७० पैशांच्या खात्यात जातो. शेतीत काही सुधारलं नाही, बांधकामातही नाही, तरी देशाची सरासरी वर सरकते. आपल्या देशातल्या उत्पादकता वाढीचा एक भाग असा नुसत्या जागाबदलाचा आहे. बँका, विमा, सॉफ्टवेअर यांचा माणशी आकडा खूप मोठा असतो, पण तिथे जागा थोड्या आणि दारात पदवी विचारतात.

गावातच राहून आकडा वाढतो तोही नेहमी सुखाचा नसतो. तणनाशक आलं, मळणी यंत्र आलं, सोयाबीनला हार्वेस्टर आला. एका माणसामागचं धान्य वाढलं, आणि खुरपणीवर जगणाऱ्या बाईच्या रोजगाराचे दिवस घटले. मग तीच नवऱ्यासोबत उचल घेऊन ऊसतोडीला जाते. मुकादमाच्या वहीत ती दोघं मिळून ‘एक कोयता’. तिथे दोन माणसं एक मोजतात. सरकारी सर्वेक्षणात ती निदान दोन असतात, एवढं त्या सर्वेक्षणाच्या बाजूने म्हणायला हवं.

तुमच्या शेजारच्या औंढा तालुक्यात दुधाळा इथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा होते आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. विज्ञानासाठी ती फार मोठी गोष्ट आहे. तिथे मोजकी, भरपूर शिकलेली माणसं असतील आणि जिल्ह्याची माणशी सरासरी त्यांच्यामुळे थोडी वर जाईल. राज्याच्या आर्थिक पाहणीत दरडोई उत्पन्नात हिंगोली तळच्या जिल्ह्यांत दिसतो. तो उद्या वर आलेला दिसला, तर कोणामुळे आला ते विचारायला विसरू नका.

एक विनंती. येत्या हंगामात बेणं लावल्यापासून हळद पॉलिश होऊन बाजारात जाईपर्यंत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर घरातल्या प्रत्येकाच्या कामाच्या दिवसाची खूण करा, बायकांच्या अर्ध्या दिवसांचीही. पट्टी हातात आली, की खर्च वजा करून उरलेल्या रकमेला त्या दिवसांनी भागा. दिवसाला किती पडले आणि वर्षात किती दिवस कोरे राहिले, हे दोन्ही आकडे मला कळवा.