काळ्या मातीवरचे अंगण

वार्षिकासाठी ‘अंगण’ या विषयावर लेख देते असे म्हटल्यावर वर्गातल्या मैत्रिणींना वाटले, की रांगोळी, पारिजातक आणि तुळशीवृंदावन यांवर काहीतरी ललित वाचावयास मिळणार. लेखात तुळशीवृंदावन आहे, परंतु ते एका अंगाला कललेले आहे. ते का कलले, अंगणातल्या फरश्या का उचलल्या आणि पुढे आम्ही काय केले, एवढेच येथे सांगावयाचे आहे. बी.ए.च्या मुलीने गवंडीकामावर का लिहावे, असा प्रश्न कोणास पडेल. माझे वडील गवंडी आहेत. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा ज्या विषयात घरातले माणूस मुरलेले आहे त्यापासून आरंभ केलेला बरा, असे मला वाटले.

आपल्याकडे जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन शब्द येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, जिथे घरे उभी राहतात ती जागा. लहानपणापासून मी हे शब्द ऐकत आले, पण त्यांत बांधकामाचा केवढा विचार दडला आहे हे कळावयास भूगोलाचा तास यावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंतींची माती, राख, चुनखडी यांनी गावठाणाची जमीन पांढुरकी होते. ती पावसात फारशी फुगत नाही आणि उन्हात फारशी भेगाळत नाही. इंदापूरकडच्या जुन्या माळवदी घरांवरही पांढऱ्या मातीचाच थर देत. काळ्या मातीचे माळवद कोणी केल्याचे ऐकिवात नाही. पूर्वजांनी पुस्तके वाचली नव्हती, तथापि काळीत पेरावे आणि पांढरीत राहावे एवढे त्यांनी पक्के केले होते.

आम्ही मात्र काळीत राहावयास आलो. गावठाणात जागा पुरेना, म्हणून अण्णांनी कालव्याच्या चारीजवळ दीड गुंठा घेऊन दोन खोल्या बांधल्या. आज बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात पाहावे तिकडे वस्त्या आहेत. ऊस, त्याच्या कडेला घर आणि घरापुढे फरशी. माळावरच्या जिरायती भागात, सुप्या-मोरगावाकडे, काही ठिकाणी फावडे मारले की हातभर खाली मुरूम लागतो. नीरा आणि भीमा यांच्या काठाला मात्र पुरुषभर खोल खणले तरी काळीच माती निघते. घराचा पाया खोल नेऊन कसाबसा मुरमावर टेकवता येतो. अंगणाला पाया कोण घालणार?

या मातीचे शास्त्र थोडक्यात असे. आपल्या काळ्या पाषाणाची झीज होऊन जी माती बनली तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पुष्कळ असते. त्याचे कण वहीच्या पानांसारखे थरांचे असतात आणि पाणी त्या पानांच्या मधे शिरते. वही भिजली की फुगते, तशी ही माती फुगते. वाळली की आकसते आणि भेगा पडतात. उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या रानातल्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत जातो. फुगताना ती जो रेटा देते तो हलकासा नसतो. दोन माणसांना न उचलणारी फरशी ती सहज उचलते. अंगण एकसारखे फुगले असते तरी निभावले असते. पण पागोळ्यांखालची माती आधी भिजते, भिंतीलगतची मागाहून, आणि कडुनिंबाच्या मुळांनी जिथले पाणी ओढून घेतले तिथली कोरडीच राहते. त्यामुळे एक फरशी वर, दुसरी खाली.

त्यात कालव्याची भर. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख हिरवा झाला. आमच्या घरात जे दोन घास आले ते शेवटी त्या पाण्यामुळेच, हे मी विसरत नाही. परंतु काळ्या मातीत मुरलेले पाणी लवकर बाहेर निघत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरल्ड मॅन आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका प्रसिद्ध केली होती. म्हणजे कालवा आल्यावर पंचवीस वर्षांत हा प्रश्न अभ्यासाचा झाला होता. रानात पाणी साचले की पीक बोलते, लोक धावतात. अंगणाखाली पाणी साचले तर ते बोलत नाही. फरशी वर येते तेव्हाच कळते.

आता आमची चूक. २०२४ च्या उन्हाळ्यात थोरल्या बहिणीचा साखरपुडा ठरला. पाहुणे यावयाचे म्हणून बारा फूट रुंद आणि सोळा फूट लांब अंगणात शहाबादी बसवावयाची ठरली. आठ दिवस हाताशी होते आणि पैसे फरशीपुरतेच होते. अण्णांनी वाळूचा दोन इंची थर दिला आणि भेगाळलेल्या काळ्या मातीवर फरशी टाकली. दुसऱ्याच्या दारात त्यांनी असे काम कधी केले नसते. उन्हाळ्यात माती सर्वांत आकसलेली असते, म्हणजे नंतर तिला फुगण्यावाचून गत्यंतर नसते, हेही त्यांना ठाऊक होते. साखरपुडा छान झाला. पाहुण्यांनी अंगणाची वाखाणणी केली. आषाढात दरजा फुटल्या, श्रावणात वृंदावन कलले आणि भाद्रपदातल्या एका पहाटे आजी उचललेल्या फरशीच्या कडेला ठेचाळून पडली. तिचा खुबा मोडला.

शस्त्रक्रिया झाली, कर्ज झाले, त्याचे वर्णन येथे करीत नाही. आजी खाटेवर पडून छताकडे पाही आणि अण्णा तिच्या समोर बसावयाचे टाळीत. तीस वर्षे दुसऱ्यांची घरे बांधणारा माणूस स्वतःच्या अंगणाकडे न पाहता मागच्या दाराने कामाला जाऊ लागला. मला तेव्हा काहीच करता येत नव्हते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले आणि जमिनीवरची पुस्तके काढून बसले.

तिथे मला एक मौजेची गोष्ट सापडली. आपल्याकडे जे ऊन-पाणी करते ते थंड आणि ओल्या देशांत हिम करते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, हे आपण शाळेत शिकलो. पण फरशी उचलण्याचे खरे कारण त्याहून निराळे आहे. बारीक मातीत गोठणारा थर खालचे पाणी वर ओढून घेतो आणि त्या पाण्याचे बर्फाचे पातळ पापुद्रे जमिनीत एकावर एक साठत जातात. कॅनडात तर पुष्कळ ठिकाणी जमीन एक मीटरहून खोल गोठते. वसंतात बर्फ वितळले की वर आलेली फरशी वेडीवाकडी खाली बसते. म्हणून तिकडे अंगण किंवा पायवाट करताना वरची माती काढून टाकतात, जाड खडी भरून दाबतात, पाणी निघून जाण्यास वाट ठेवतात, घरापासून बाहेर उतार देतात आणि फरश्यांच्या दरजा वाळूने भरतात, म्हणजे जमीन हलली तरी फरशी तडकत नाही. हवामान निराळे, माती निराळी, पण अंगणाखाली साचलेले पाणी दोन्हीकडे शत्रू.

मी हे सर्व वहीत उतरवून घरी नेले आणि मोठ्या ऐटीत सांगितले, “अण्णा, दीड फूट खणा आणि खडी भरा.”

अण्णा पुष्कळ दिवसांनी हसले. म्हणाले, “आगं पोरी, काळ्या रानात खड्डा काढून त्यात खडी भरलीस तर त्यो हौद हुईल, हौद. पानी आत शिरंल, पर भायेर कुठनं जाईल?”

मी निरुत्तर झाले. काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यात खणलेला खड्डा म्हणजे भांडेच. त्यात पोकळ खडी भरली तर पावसाचे पाणी तळाशी साचून खालची माती वर्षभर भिजवणार. पुस्तकातली खडी खरी होती, पण तिच्यासोबतची पाण्याची वाट मी अर्ध्या ओळीत वाचून पुढे गेले होते. आमच्या सपाट जागेत ती वाट काढावयास उतारच नव्हता. अण्णांचे म्हणणे असे, की मुरूम घ्यावा, तोही थोडा मातकट, म्हणजे पाणी मारून धुम्मसने ठोकला की तो दगडासारखा बसतो आणि पाणी आत घेत नाही.

त्यानंतर सरांनी मला आणखी एक माहिती दिली. मुंबईच्या आय.आय.टी.तील डॉ. आर. के. कट्टी यांनी कर्नाटकातील मलप्रभा कालव्यासाठी काळ्या मातीचा अभ्यास केला होता. न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर थर नीट दाबून दिला तर खालच्या काळ्या मातीचे फुगणे आटोक्यात राहते, असे त्यांनी दाखवून दिले. मातकट मुरूम हा त्याच जातीचा. घरी येऊन हे सांगितले तेव्हा अण्णांनी नुसते “बरं” म्हटले, पण संध्याकाळी शेजारच्या मिस्त्रींना ते हेच सांगत होते आणि त्यात आय.आय.टी.चा उल्लेख दोनदा आला.

दिवाळीच्या सुट्टीत काम काढले. माती तेव्हा फार ओली नसते आणि फार वाळलेलीही नसते, म्हणून हा काळ चांगला. मीटरभर खणण्याची ऐपत नव्हती, दीड फुटावर भागवले. चार ट्रॉल्या मुरूम लागला. एकेक वीत थर पसरावयाचा, झारीने पाणी मारावयाचे आणि ठोकावयाचे. तिसऱ्या थराला माझ्या हाताला फोड आले, आईने हळद लावली आणि धुम्मस स्वतः घेतली. घराच्या जोत्यापासून बाहेर चार फुटांना एक इंच, म्हणजे बारा फुटांत तीन इंच उतार दिला. पागोळ्यांखाली सिमेंटची उथळ नाली करून तिचे तोंड चारीच्या विरुद्ध बाजूला सोडले. कडेला उभे दगड गाडले, म्हणजे फरश्या सरकू नयेत.

वाद झाला तो दरजांवरून. माझे म्हणणे, दरजा बारीक कचीने भराव्यात. अण्णांचे म्हणणे, गवंड्याच्याच दारात सिमेंटशिवाय दरजा पाहून गाव हसेल. दोन दिवस कोणी कोणाशी बोलेना. शेवटी आजीने खाटेवरून निवाडा दिला, “निम्मं तिचं, निम्मं तुझं.” त्याप्रमाणे पूर्वेकडचे अर्धे अंगण सिमेंटच्या दरजांचे आणि पश्चिमेकडचे कचीचे झाले.

परीक्षा लवकरच झाली. २०२५ च्या मे अखेरीस बारामती-इंदापुरात अवेळी असा पाऊस कोसळला, की ओढे-नाले रस्त्यांवर आले. आमच्या अंगणातही घोटाभर पाणी चढले. ते ओसरल्यावर अण्णांनी पाणसळ काढली आणि एकेक फरशी तपासली. पूर्वेकडे दोन ठिकाणी दरज केसाएवढी फुटली होती. माझ्या बाजूला तडा नव्हता, पण उसाकडच्या कोपऱ्यातल्या तीन फरश्या बोटभर वर आल्या होत्या आणि कच वाहून गेल्याने तिथे गवत उगवले होते. शेजारच्या उसाला पाणी सुटले की तो कोपरा फुगतो. तिथे मुरूम आणखी खोल हवा होता. वृंदावन सरळ आहे.

आजी आता वॉकर धरून अंगणात येते. त्या कोपऱ्याकडे ती जात नाही, आम्ही तिथे पाण्याचे पिंप ठेवले आहे. गवत मीच उपटते. येत्या दिवाळीत त्या तीन फरश्या काढून खाली कमरेएवढे खणावयाचे असे अण्णांनी ठरवले आहे आणि दरजा कशाने भरावयाच्या हे त्यांनी अजून मला सांगितलेले नाही.