खालची उकल खालीच आहे का, आधी बघ

पोरी, दिंद्रुड सोडून विद्यापीठात चाललीस, टाइम स्केलवरच्या सीमामूल्य प्रश्नांवर काम करणार म्हणतेस, तर या म्हाताऱ्या मास्तराचं ऐकून जा. तुझ्याच विभागात साठच्या दशकात व्ही. लक्ष्मीकांतम शिकवायचे. १९६९ साली त्यांचे आणि एस. लीला यांचे डिफरन्शियल इनइक्वॅलिटीजवरचे दोन खंड आले. तुलना कशी करतात ते आधी त्यात वाच, टाइम स्केल मागाहून.

टाइम स्केलचा बाऊ करू नको. सलग काळ आणि तुटक काळ एकाच गणितात बसवायचं हिल्गरनं १९८८ च्या प्रबंधात दाखवलं. आपल्या कापसावरची बोंडअळी बघ की! हंगामभर पिढीवर पिढी सलग. फरदड न ठेवता डिसेंबरात पऱ्हाट्या उपटल्या, की हिशेब एकदम पुढच्या हंगामावर उडी मारतो.

आता मुद्द्याचं. यूचा दुसरा डेल्टा डेरिव्हेटिव्ह अधिक एफ बरोबर शून्य, आणि एफमधला यू पुढच्या बिंदूवरचा. डावी बाजू शून्य किंवा जास्त आणि टोकांच्या किमती दिलेल्यापेक्षा वर नाहीत, तर खालची उकल. उलट असेल तर वरची. नावावर जाऊ नको. साधा सलग काळ घे, शून्य ते पाय. दुसरा डेरिव्हेटिव्ह अधिक यू बरोबर शून्य, दोन्ही टोकांना शून्य. पाच साइन टी खालची उकल ठरते आणि दोन साइन टी वरची. करून बघ, खालची वर जाऊन बसते! यू वाढला की एफ घटत असेल तर क्रम आपोआप मिळतो. ती खात्री नसेल तर क्रम गृहीतकातच लिही. मग दोन उकलींच्या बाहेर एफ छाट, त्याला थोडा घटता तुकडा जोड, शाउडरचं प्रमेय लाव.

छाटलेल्या प्रश्नाची उकल मधेच राहते हे दाखवताना पोरं घसरतात. उकल वजा वरची उकल, या फरकाचा महत्तम बिंदू धरला, की तिथं दुसरा डेरिव्हेटिव्ह धन नसणार म्हणून मोकळी होतात. पण डावीकडून सलग आणि उजवीकडं उडी असा बिंदू निघाला तर? आपल्या कापसाचा डिसेंबर. म्हणून महत्तम बिंदूंतला शेवटचा घे. पुढं उडी असेल तर तिथला डेल्टा डेरिव्हेटिव्ह ऋण. तो सलग असल्यानं जरा डावीकडंही ऋणच, म्हणजे फरक घटत घटत इथवर आला, मागं याहून मोठी किंमत होती. तेव्हा असला बिंदू महत्तम नसतोच. बाकीच्या बिंदूंना दुसरा डेरिव्हेटिव्ह लगेच मागच्या बिंदूवर काढ. मागं सलग असेल तर त्याच बिंदूवर.