बेटावरील अकस्मात् पूर

इ. स. १८३४ नंतर कोंकणांतून अनेक मराठी कुटुंबें करारावर मजुरी करण्यासाठीं मॉरिशस बेटास गेलीं व तेथेंच रुजलीं. आजहि तेथें नव्यानें जाणारा मनुष्य पावसाविषयींचें आपलें घरचें ज्ञान बरोबर नेतो, आणि तेंच त्यास फसवितें. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें २० अंशांवर हें बेट असल्यामुळें चक्रीवादळें व मुसळधार पाऊस यांचा काळ तेथें नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत असतो. आपला नाताळ थंडीचा, त्यांचा वादळांचा!

दुसरी गोष्ट अंतराची. गोदावरीचा पूर नाशिकाहून पैठणास पोंचेपर्यंत खालच्या गांवांस कांहीं अवधि मिळतो. मॉरिशस हें ज्वालामुखीपासून झालेलें, उंच कड्यांचें बेट. पोर्ट लुई या राजधानीच्या पाठीशीं ८१२ मीटर उंचीचा पूस पर्वत उभा आहे, आणि तेथून बंदर अवघें पांचसहा किलोमीटर. डोंगरावर पडलेलें पाणी घटका दोन घटकांत शहरांत उतरतें; बंदरावर ऊन असलें तरी वर काय चाललें आहे हें कळत नाहीं.

ता. ३० मार्च २०१३ रोजीं, ईस्टरच्या आदल्या दिवशीं, पोर्ट लुई येथें दोन तासांहून कमी वेळांत सुमारें १५२ मिलिमीटर पाऊस झाला. विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें: एक चौरस किलोमीटर जागेवर एवढा पाऊस म्हणजे १,५२,००० टन पाणी. त्या दिवशीं अकरा माणसें दगावलीं. त्यांतील कित्येक पादचाऱ्यांच्या भुयारी मार्गांत व एका इमारतीच्या तळघरांतील मोटारतळांत सांपडलीं. पावसापासून आडोसा म्हणून मनुष्य ज्या जागीं शिरतो, तीच जागा पाणीहि शोधीत असतें. ता. १५ जानेवारी २०२४ च्या बेलाल वादळांत याच शहराच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. मोटार जड असते म्हणून ती टिकेल हा समज आर्किमिडीजचा नियम विसरल्याचा परिणाम होय. सुमारें दोन फूट वाहतें पाणी बहुतेक मोटारींस उचलून नेऊं शकतें. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा जोर चौपट होतो. घोट्याच्या वर वाहणारें गढूळ पाणी पायीं ओलांडूं नये तें यामुळेंच.

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आपणांस परिचित आहे. पॅलेस्टाईनमधील कोरडे ओढेहि असेच क्षणांत भरतात. प्रभूच्या श्रोत्यांना तें निराळें समजावून सांगावें लागलें नसेल.

नवागतानें घर भाड्यानें घेण्यापूर्वीं शेजारच्या वृद्ध माणसास मागच्या पुराचें पाणी कोठवर आलें होतें तें विचारावें. घरमालकास विचारण्यांत फारसा अर्थ नाहीं. गांवांचीं नांवेंहि पुष्कळ सांगतात: उत्तरेकडील फाँ द्यू साक या नांवाचा फ्रेंच अर्थ 'पिशवीचा तळ' असा आहे, आणि तेथें पाणी तुंबतें. ओढ्याकांठीं असतां पाणी एकाएकीं गढूळ झालें, त्यांत पालापाचोळा वाहूं लागला किंवा वरून घरघर ऐकूं आली, तर सामान तेथेंच टाकून उंचावर जावें, आणि पाणी ओसरूं लागलें तरी लगेच खालीं उतरूं नये. डोंगरावर पाऊस चालूच असला तर दुसरा लोंढा मागून येतो.