नुसत्या घासानं माझी गाय नेली

पाच महिने झाले, गोठ्यातला तो खुंटा अजून मोकळाच आहे. आणि बियाणेवाला गावभर सांगतोय, "चूक त्यांचीच, ओला घास घातला." म्हणून हे लिहायला बसलो.

ऑक्टोबरात 20 गुंठे लसूणघास करायचा होता. आरएल 88 जातीचं बियाणं घेताना मी स्वतः त्याला विचारलं होतं, "सोबत ओट टाकू का?" तो म्हणाला, "घासात भेसळ केली की दूध गेलं. कडबाही बंद करा, खर्च वाचेल." पहिल्या कापणीला दूध वाढलं, म्हणून माझाही विश्वास बसला.

दुसऱ्या कापणीचा घास कोवळा, दवानं भिजलेला. सकाळी सातला उपाशीपोटी टाकला. तासाभरात गाय उठ-बस करू लागली. रवंथ बंद. डावी कूस पाठीच्या वर आलेली, बोटानं ठोकली तर ढोलासारखी वाजली. गोडेतेल पाजलं, पण डॉक्टर पोचायच्या आत तिनं मान टाकली. दुसऱ्या वेताची, 18 लिटरची गाय.

डॉक्टरांनी सांगितलं, कोवळ्या घासातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांचा पोटात फेस होतो, वायू त्यात अडकतो, ढेकर निघत नाही. पोटात कडबा-गवताचा चोथा असता तर धोका पुष्कळ कमी झाला असता. तेव्हा मला तो ओटाचा प्रश्न आठवला आणि अंगाची लाही झाली. दव सुकू देणं माझ्या हातून राहिलं, कबूल. पण कडबा कुणी बंद करायला लावला?

घास वाईट नाही. त्याच्याइतकी प्रथिनं गवतात नाहीत. पण तो एकटा नको.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात घासासोबत ओट पेरा. पहिल्या कापणीला चारा भरपूर मिळतो, तणही दबतं. मात्र ओट एका हंगामाचा आणि घास तीन-चार वर्षांचा, म्हणून शेजारी मारवेल किंवा नेपियर गवताचा वेगळा पट्टा ठेवा. नेपियर घासाच्या वाफ्यात मुळीच लावू नका, त्याच्या सावलीत घास मरतो. गवताचा युरियाही घासात जाऊ देऊ नका. घास मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवतो, युरियानं मधलं गवतच माजतं.

कुट्टी करताना दोन वाटे गवत-कडबा, एक वाटा घास. सकाळी आधी कडबा, मग घास, तोही कापून चार-पाच तास सुकवलेला.

बियाणं तळहातावर घेऊन नीट पाहा. माझ्या वाफ्यात अमरवेलाचे पिवळे धागे उगवले, त्या तणाचं बी त्याच पिशवीतून आलं. तेवढा भाग कापून जाळावा लागला. त्याबद्दलही तो चकार शब्द बोलत नाही.

जनावराचा विमा काढा. डॉक्टरांचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

येत्या ऑक्टोबरात मी पुन्हा घास करणार, ओटासोबत. यंदा विचारायला त्या दुकानात जाणार नाही.