पोकलेन चालू, पण बूम हलत नाही? आधी मीटर लावा

आपल्या पारनेर-पाथर्डीकडे शेततळ्यांची कामं पावसाआधी उरकायची असतात. मशीन उभं राहिलं की मालकाचा सीझन जातो.

मित्रांनो, इंजिन चालू, पण एकही लिव्हर काम करत नाही? लगेच पंप खोलू नका, कंट्रोलर मागवू नका. बूमखाली कोणी नको. इंजिन बंद, चावी ऑन, सेफ्टी लिव्हर अनलॉक करून त्याच्या सोलेनॉइडवर मीटर लावा. बहुतेक पोकलेनवर २४ व्होल्ट यायला हवेत.

येत नाहीत? फ्यूज, लिव्हरचा स्विच, वायर, अर्थिंग बघा.

येतात? चावी बंद करून कनेक्टर काढा, कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. मीटरने ओपन दाखवलं तर कॉइल गेली. कॉइलही ठीक असेल, तेव्हाच हायड्रॉलिककडे वळा.

तपासणीचे पैसे आधीच ठरवा, मोजलेले आकडे बिलावर लिहा. दोष दाखवून देणाऱ्यालाच गिऱ्हाईक पुन्हा फोन करतं.